देवीचं डोरलं चोराने का सोडलं?

चोरीचे पंचनामे नोकरीत किती केले, ते मी कधी मोजलं नाही. पण एका उघड्या तिजोरीचा पंचनामा अजून डोळ्यांपुढे येतो. त्या तिजोरीतून जे गेलं होतं त्यापेक्षा जे मागे राहिलं होतं, त्याने मला जास्त सतावलं.

मी तेव्हा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात, शेवगावपासून फार लांब नसलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. चैत्र लागला होता आणि हद्दीतल्या एका मोठ्या गावची देवीची यात्रा तोंडावर आली होती. बंदोबस्ताची आखणी करत बसलो असताना त्याच गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

“साहेब, देवीचं दागिनं गेलं. मानकऱ्याची तिजोरी कापलीया. तुमी लवकर या, मानसं लई गोळा झाल्यात.”

या गावात देवीचे दागिने देवळात ठेवत नसत. मानकऱ्यांच्या घरी भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी होती. वर्षभर दागिने तिथे राहायचे आणि यात्रेला वाजतगाजत देवळात जायचे. मानकऱ्यांना गाव अण्णा म्हणे. वजनदार माणूस, शब्दाला किंमत असलेला. घरात अण्णा, त्यांची बायको आणि एकुलता एक मुलगा. आदल्या दिवशी तिघेही नात्यातल्या लग्नाला गेले होते. परत आल्यावर तिजोरीचं कुलूप ग्राइंडरने कापलेलं दिसलं. ठुशी, वाक्या, पुतळ्यांची माळ, कंबरपट्टा, नथ, सगळं गेलं होतं.

राहिलं होतं फक्त डोरलं, म्हणजे देवीचं मंगळसूत्र. खालच्या कप्प्यात, हिरव्या खणाच्या कापडात बांधलेलं, गाठसुद्धा न सुटलेलं. आणि हे डोरलं म्हणजे लहानसहान वस्तू नव्हती, कंबरपट्टा सोडला तर सगळ्यांत जास्त सोनं त्यातच होतं.

मी पोहोचेपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला होता. देवीने आपलं सौभाग्य राखलं, चोराचा हात तिथे थांबला, हा चमत्कार आहे. बाया रांग लावून तिजोरीला हळदीकुंकू वाहत होत्या. ठसेतज्ज्ञ येईपर्यंत कापलेल्या कुलपावर कुंकवाचा थर चढला होता. मी आवाज चढवून सगळ्यांना अंगणात काढलं. श्वानपथकाचं कुत्रं तिजोरीपाशी गेलं, दोनदा शिंकलं आणि परत येऊन आपल्या माणसाच्या पायाशी बसलं.

चमत्कार ठरला, आता चोर ठरायला वेळ लागणार नव्हता. ती तिजोरी ज्याने बनवली होती, तो वेल्डर त्याच गावचा. मुसलमान, साठीच्या आसपासचा, बापाच्या वेळेपासून तिथेच दुकान. गावातली निम्मी गेटं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्याच्या हातच्या. गाव त्याला चाचा म्हणत असे. त्या संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला, “ज्यानं केली त्यालाच कापता येती. दुसरं कोन असनार?” दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी त्याच्या दुकानाच्या शटरवर दगड मारले. दुपारी चाचा स्वतः ठाण्यात आला. हातात जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली.

“साहेब, बायकापोरास्नी शेवगावला सासुरवाडीला धाडलंय. मला हितं बसू द्या. आत नका टाकू, नुसतं बाकावर बसू द्या.”

मी ठाणे अंमलदाराला डायरीत स्वच्छ नोंद घ्यायला लावली: स्वतःहून आला, जिवाच्या भीतीने संरक्षण मागितलं, अटक नाही. पण ठाण्याच्या डायरीत काय लिहिलंय ते गाव वाचत नाही. ठाण्यावरून जाणाऱ्या गावच्या माणसाने खिडकीतून चाचाला बाकावर बसलेलं पाहिलं आणि गावात बातमी गेली की साहेबाने वेल्डरला उचललं.

मग पुढारी आले. पांढरे कपडे, गोड आवाज. यात्रेच्या आधी अटक दाखवली तर वातावरण शांत राहील, असं त्यांचं म्हणणं. एकाने तर “नंतर काय ते कोर्ट बघील” असं सांगितलं. मी चहा पाजला आणि म्हणालो, अटक पुराव्यावर होईल, यात्रेच्या तारखेवर होणार नाही. ते गेल्यावर मला स्वतःचाच राग आला, की असल्या माणसांना चहा तरी कशाला पाजला. पण बंदोबस्त त्याच गावात लावायचा होता. चूक झाली असती तर दगड शटरवर थांबले नसते. म्हणून मी ठरवलं, यात्रेआधी खरा माणूस हातात आलाच पाहिजे.

माझ्याबरोबर एक मुरलेला हवालदार होता. जीपमध्ये तो म्हणाला, “साहेब, चोर देवभोळा असंल. डोरल्याला भ्याला.”

“देवभोळा चोर देवीच्या नाकातली नथ नेतो आणि डोरल्याला भितो?”

माझंही कोडं सुटत नव्हतं. एवढं मात्र कळत होतं की चाचाला डोरल्याची भीती वाटायचं कारण नव्हतं. बाहेरच्या टोळीला तर मुळीच नव्हतं. घरफोडी करणारा माणूस घाईत असतो, हाताला येईल ते पोत्यात भरतो. तो कापडाची गाठ न सोडता, काय आहे ते न बघता, एवढं वजन तिथेच ठेवून जाणार नाही. आत काय आहे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, तोच गाठ न सोडता सोडून देतो. गावाला जो चमत्कार वाटला, तोच चाचाच्या बाजूने सगळ्यांत मोठा पुरावा होता.

मी पुन्हा मानकऱ्यांच्या घरी गेलो. अण्णा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. दोन दिवसांत माणूस खचला होता, जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवलेलं. मी काकूंशी, म्हणजे अण्णांच्या बायकोशी, बोलायला बसलो. चोरीविषयी काही विचारलंच नाही. यात्रेला दागिने कसे काढतात, कोण धुतं, कोण नेतं, असं साधंच विचारत गेलो. बाई मोकळ्या झाल्या.

“रिठ्याच्या पान्यात मी धुते. पन आदी डोरलं. आमच्यात देवीच्या डोरल्याला गड्याचा हात लागत न्हाई, साहेब. माज्या सासूनं मला सांगितलं. तिजोरी उगडली की मी डोरलं खणासकट बाजूला घ्यायचं, मंग ह्ये बाकीचं काढत्यात.”

“हे गावात सगळ्यांना माहीत आहे?”

“गावाला कशाला म्हाईत आसंल? गाव दागिनं बगतं देवीच्या अंगावर. घरातलं घराला.”

मी उठलो तेव्हा माझ्या डोक्यात दोनच माणसं उरली होती. ज्याने तिजोरी रिकामी केली तो या घरातला पुरुष होता. अण्णांनी फिर्याद स्वतः दिली होती आणि त्यांची अवस्था नाटक करणाऱ्याची नव्हती. दुःखाचं नाटक करणारा माणूस जेवतो, फक्त कमी जेवतो. राहिला मुलगा.

मुलगा तिशीचा. संगमनेरला इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, आणि आता वर्षभर घरून लॅपटॉपवर काम. पंचनाम्याच्या वेळी मला त्याची मदत झाली होती. अण्णा प्रत्येक दागिन्याचं नाव आणि तो कोणत्या घराण्याने वाहिला ते सांगत होते. मुलगा शेजारून वजन सांगत होता, तेही ग्रॅममध्ये, पॉइंटनंतरच्या आकड्यासकट. तेव्हा मला तो हुशार वाटला होता. आता वेगळं वाटलं. घरातला माणूस दागिना नावाने ओळखतो. पॉइंटसकट ग्रॅम तोच सांगतो, ज्याने तो काट्यावर ठेवलेला पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी काकू देवळात गेल्याची खात्री करून मी हवालदार आणि दोन पंच घेऊन घरी गेलो. अण्णा यात्रेच्या बैठकीला गेले होते. मुलगा एकटा होता, मोबाईल पालथा घालून बसलेला.

“डोरल्याचं वजन पंचनाम्यात राहिलंय,” मी म्हणालो. “काटा आणलाय. तेवढं काढून दे.”

“आई येऊ द्या ना, सर.”

“आईला वेळ लागेल. मला पुढे जायचंय. तिजोरी उघडीच आहे, उचल आणि दे.”

तो तिजोरीपर्यंत गेला. वाकला. हात पुढे केला आणि मागे घेतला. मग दोन्ही हात पँटला पुसले. मी काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसता येणं हे अर्धं काम आहे, नव्या मुलांना मी हे नेहमी सांगत असे. शेवटी तो वळला.

“नाही जमणार, सर. आमच्यात पुरुष हात लावत नाहीत.”

“चोरालाही तुमच्यातलं माहीत होतं,” मी म्हणालो. “बाकी सगळं नेलं. ह्याच्यापाशी त्याचा हात असाच थांबला.”

तो खाली बसला. रडला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, “विकले नाहीत, सर. गहाण आहेत. जामखेडला. सोडवून आणणार होतो, यात्रेच्या आधी.”

गोठ्यात पाइप कापायचा ग्राइंडर होता, तोही त्यानेच दाखवला. दागिने त्याने बऱ्याच आधी, अण्णांच्या किल्लीने, बिनबोभाट काढले होते. यात्रा जवळ आली, सोडवता येईनात, तेव्हा लग्नातून ऑफिसच्या कॉलचं निमित्त करून तो घरी आला, कुलूप कापलं आणि परत जाऊन पंगतीत बसला.

पैसे कुठे गेले, हे विचारल्यावर त्याने मोबाईल उघडून दाखवला. परदेशी ऍप. लाल-हिरव्या काड्यांचा आलेख. क्रिप्टो, म्हणजे इंटरनेटवरचं आभासी चलन, हा शब्द मी ऐकून होतो, पण त्यातला हा प्रकार नवा होता. त्याने मला समजावून सांगितलं, आणि मुलगा खरंच चांगला समजावत होता.

“आपले दहा टाकायचे, सर. ऍप आपल्याला शंभराचा सौदा करू देतं. भाव दहा टक्के वर गेला की आपले दहाचे वीस.”

“आणि खाली आला तर?”

“दहा टक्के खाली यायच्या जरा आधीच ऍप सौदा बंद करून टाकतं. लिक्विडेशन म्हणतात. आपले दहा गेले.”

“नोटीस? मुदत?”

“मेसेज येतो, आणखी पैसे भरा म्हणून. भरले तर सौदा बंद व्हायची रेषा खाली सरकते. मी भरत गेलो. पगार भरला, बचत भरली. मग...” त्याने तिजोरीकडे पाहिलं.

आमच्याकडे बाजार समितीलासुद्धा अमावस्येची सुट्टी असते. सावकार झाला तरी दारात येतो, चार शिव्या देतो, दोन दिवस थांबतो. सोनं गहाण ठेवलं तरी लिलावाआधी कागद येतो. या ऍपला सुट्टी नाही आणि दार नाही. भाव रेषेला टेकला की संपलं. माणूस जेवत असो की झोपलेला असो, कोणी त्याला हाक मारत नाही. देवीच्या सोन्यावर उचललेले पैसे असेच एका पडत्या दिवशी गेले.

मग तो जे बोलला, ते ऐकून मी थक्क झालो. “पण सर, भाव परत वर गेला. त्याच आठवड्यात. मी म्हणत होतो तिथपर्यंत गेला. माझा अंदाज बरोबर होता.”

हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. देवीचे दागिने गेले, बाप ओसरीवर उपाशी बसलाय, एक निरपराध माणूस ठाण्यात बाकावर बसलाय, आणि या गड्याला अजून आपला अंदाज बरोबर आल्याचं समाधान होतं. माझं डोकं फिरलं.

“अंदाज बरोबर होता ना? मग तू कुठे होतास तेव्हा? बाहेर फेकला गेला होतास. उसन्या बळावर उभं राहिलं की वाटेतला एक धक्का पुरतो. बरोबर असून उपयोग काय?”

मी पुढे विचारलं, “चाचाचं नाव तू सुचवलंस?”

“नाही सर. देवीशपथ. मी त्यांचं नावच घेतलं नाही.”

“घेतलं नाहीस. लोक घेत होते तेव्हा अडवलंही नाहीस. शटरवर दगड पडले तेव्हा कुठे होतास?”

तोटा होणं हा गुन्हा नाही, हे मी त्याला सांगितलं. गावाच्या सोन्याचा अपहार हा गुन्हा आहे. पण मला चीड आली ती तिसऱ्याच गोष्टीची, दुसऱ्यावर आळ येताना गप्प बसण्याची, आणि तिला कायद्यात फारसं बळकट कलम नाही.

अण्णा आले. मी त्यांना आत नेऊन दार लोटून सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “साहेब, फिर्याद मागं घेता येती का?” आणि माझ्या आधी स्वतःच म्हणाले, “न्हाई. नको. मीच दिलीया.” त्या माणसाबद्दलचा माझा आदर त्या क्षणी दुप्पट झाला. संध्याकाळी तेच पुढारी पुन्हा आले. आता त्यांना घरातलं प्रकरण घरात मिटवायचं होतं. या वेळी मी चहा मागवला नाही.

जामखेडच्या सोनेतारण शाखेतून दागिने सहीसलामत मिळाले. पण ते आता मुद्देमाल होते. कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नव्हते, आणि यात्रा कोर्टासाठी थांबत नाही. त्या वर्षी देवी फुलांत सजली आणि पालखीपुढे अण्णा अनवाणी चालले. बंदोबस्तात मला कुठे काठी उगारावी लागली नाही.

पण यात्रेच्या आधी एक काम राहिलं होतं. मुलाच्या अटकेची नोंद झाली तसा मी चाचाकडे गेलो. बसून कंटाळा येतो म्हणून त्याने दोन दिवसांत ठाण्याच्या फाटकाची निखळलेली बिजागरी बसवून टाकली होती.

“चाचा, खरा माणूस सापडला. तुम्ही जा आता घरी. जीप सोडेल.”

तो उठला नाही.

“साहेब, मला आदी सोडा.”

“सोडायचं काय? तुम्हाला धरलंच नव्हतं. डायरीत लिहिलंय तसं.”

“ते तुमच्या डायरीला म्हाईत. गावाला म्हाईत हाय का? गावानं मला धरलेलं बगितलंय. आता सोडलेलं बी बगू द्या. आज गुपचूप गेलो तर उद्या म्हनतील, पैसं देऊन सुटला.” मग तो म्हणाला, “परवा बाजार हाय. उजेडात न्या. सगळ्यांम्होरं न्या.”

नोकरीत मला कायदा शिकवणारे वकील पुष्कळ भेटले. पण निर्दोष माणसाला नक्की काय परत द्यायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही कागदावर माणूस मोकळा करतो आणि काम झालं समजतो. त्याला तर पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच लोकांत राहायचं असतं.

बाजाराच्या दिवशी भर गर्दीत मी त्याला जीपमध्ये पुढच्या सीटवर, माझ्या शेजारी बसवून नेलं. पाराजवळ उतरलो. भाषण करायची मला सवय नाही. मी मोठ्याने एवढंच म्हणालो की या माणसाचा चोरीशी काडीचा संबंध नव्हता, पोलिसांनी त्याला कधीही अटक केली नव्हती, आणि त्याच्या शटरवर दगड मारणाऱ्यांची नावं मी शोधतो आहे. भाजीवाल्यांचा आवाज थांबला. मग अण्णा गर्दीतून पुढे आले. टोपी काढली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “चोर माज्या घरात हुता. ह्या मानसाला उगं तरास झाला. माफी मागतो.”

चाचाने त्यांचे जोडलेले हात धरले, कपाळापर्यंत जाऊ दिले नाहीत. दोघेही रडले आणि मलाही आवरेना, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आता मला महाविद्यालयांत सायबर जागरूकतेवर बोलायला बोलावतात. मी मुलांना त्या आलेखाचं सांगतो, की तुमचा अंदाज चूक ठरला म्हणूनच बुडाल असं नाही, बरोबर असूनही बुडाल. मुलं ऐकतात, काही हसतात. ज्याने त्याने शिकायचं ते शिकावं. मी शिकलो ते वेगळं आहे. चोर बाहेरचा निघावा असं गावाला मनापासून वाटत असतं, म्हणून पोलिसाने आधी आत बघावं. आणि दुसरं त्याच बाजारात शिकलो.

त्या दिवशी हे सगळं पार पडल्यावर चाचाने दुकान उघडलं. शटरवरचे पोचे तसेच होते. अण्णा त्याच्या मागे दुकानापर्यंत आले आणि संकोचून म्हणाले, “तिजोरीचं कुलूप कापलंय. तेवढं तूच बसवून दे. दुसऱ्याला न्हाई सांगनार.”

त्यांना वाटलं होतं, विश्वास दाखवायची हीच रीत. चाचा शांतपणे हातमोजे चढवत म्हणाला, “अण्णा, गेट आना, नांगर आना, ट्रॉली आना. फुकट करून दीन. पन तिजोरी आता न्हाई. देवाची बी न्हाई आन मानसाची बी न्हाई.”

अण्णांनी मान हलवली आणि ते परत गेले. तपास पूर्ण झाला, दोषारोपपत्र गेलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. दागिने पुढे कोर्टातून गावाला परत मिळाले. पण मी त्या ठाण्यात असेपर्यंत चाचाने एकही तिजोरी केली नाही.